भाकरी आहे ना, मग लेबल कशाला?

शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी पुण्यातल्या एका कॅफेच्या मेन्यूचा फोटो टाकला. ग्लुटेन-फ्री पिझ्झा, १०० रुपये जादा. लगेच सुरू झालं. 'सगळी तिकडची थेरं.' 'आपल्या आज्या जन्मभर पोळी खात होत्या, काय झालं त्यांना?' सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले ते 'आपल्याकडे भाकरी आहे, हे लेबल कशाला हवंय?' याला.

मला सीलिअ‍ॅक आहे. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, पोटात गेलं की माझी स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते. गोळी नाही, इलाज नाही, फक्त पथ्य, तेही कायमचं. जगात साधारण शंभरात एकाला हे असतं. मी आता स्वीडनमध्ये राहते, पण हा आजार मला इथे झाला नाही, इथे त्याचं नाव कळलं एवढंच. पुण्यात एरंडवण्याला मी 'हिच्या अंगी अन्नच लागत नाही' हे ऐकत वाढले. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, आणि अंगी लागावं म्हणून तूप लावून दोन पोळ्या जास्त. ते आठवलं की 'थेरं' हा शब्द झोंबतो.

इथे गोथेनबर्गला बर्गर खावासा वाटला तर मी मॅक्स या बर्गरच्या चेनमध्ये जाते, ग्लुटेन-फ्री पाव मागते, नंबर आला की ट्रे उचलते. मॅकडोनाल्ड्समध्येही तसंच. काउंटरवरच्या पोराला काही समजवावं लागत नाही. १९८४ ते १९९६ या काळात इथल्या तान्ह्या मुलांमध्ये या आजाराची लाटच आली होती, त्यामुळे हा शब्द घरोघरी माहीत. इटलीत तर २००५ पासून सीलिअ‍ॅकसाठी वेगळा कायदा आहे. (अमेरिकेचं मात्र कौतुक नको. तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये फ्लेवरमधून गहू येतो.)

पुण्यात गेल्या डिसेंबरात एका मोठ्या चेनमध्ये हेच विचारलं. उत्तर आलं, 'प्युअर व्हेज आहे मॅडम, चालेल.'

भाकरीवाल्यांनो, भाकरी ज्वारीचीच, कबूल. पण ती ज्वारी गिरणीत गव्हाच्या मागोमाग दळलेली असते. पिठल्यातल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. बटाटेवडा बेसनाचा, पण तेल समोशाचं. 'चिमूटभरानं काय होतंय' म्हणता, तर ग्लुटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, युरोपात आणि भारतातही. लेबल त्यासाठी लागतं.

आणि पुण्याला हे कळत नाही, असं मी मुळीच मानत नाही. आमच्या आजीची उपवासाची कढई वेगळी, झारा वेगळा, दाण्याच्या कुटाचा डबासुद्धा वेगळा. कणकेचा हात भगरीच्या पातेल्याला लागलेला तिला खपायचा नाही. इतकी कडक शिस्त मी स्वीडनमधल्या एकाही स्वयंपाकघरात पाहिलेली नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

त्याच सुट्टीत सदाशिव पेठेतल्या एका गाडीवर साबुदाणावडा मागितला. कढईत नुकतंच ब्रेडचं पॅटीस तळून निघालं होतं. काकांना म्हटलं, मला गहू अजिबात चालत नाही, आजार आहे. 'साबुदाण्यात कुठला आलाय गहू, ताई?' म्हणत त्यांनी वडा थापला आणि त्याच तेलात सोडायला हात पुढे केला. मी बोलून गेले, 'काका, कडक उपवास आहे हो.'

त्यांचा हात थांबला. तो वडा बाजूला ठेवला. खालून छोटी कढई काढली, तेलाची नवी पिशवी फोडली, कोपरापर्यंत हात धुतले. 'मंगळवारचा का?' मी मान हलवली. तेल तापेपर्यंत त्यांनी हातात एक केळं ठेवलं. रिकाम्या पोटी तळलेलं बाधतं, आधी हे खा, म्हणाले.

आजाराचं नाव कळल्यापासूनच्या नऊ वर्षांत पुण्याच्या रस्त्यावर उभं राहून मी पोटभर खाल्लं ते तेवढंच. आईलाही सांगितलेलं नाही. गोथेनबर्गला खोटं बोलायची वेळ येत नाही, पण तिथे कुणी केळंही देत नाही. तेच केळं काकांनी माझ्या आजारासाठी दिलं असतं तर, हे अजून मनातून जात नाही.