होल्डान, वहिनी, होल्डान!

चाफा माझा. डबा माझा, माती माझी, मोडायची राहिलेली कंबर तर माझीच. तरी गेले तीन आठवडे आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या गल्लीत ज्याला त्याला ऐकवलं जातंय, "आम्ही वहिनींचा चाफा बदलला की ओ." हे 'आम्ही' म्हणजे समोरचे तात्या. त्या दिवशी त्यांनी हात लावून केलेलं काम एकच, आणि त्या कामात माझी फांदी मोडली.

हा देवचाफा सहा वर्षं वीस लिटरच्या पेंटच्या डब्यात होता. मुळं खालच्या भोकातून बाहेर येऊन फरशीच्या फटीत शिरली होती. गेल्या वर्षी फुलांचे चारच घोस आले, पानंही तळहाताएवढी. त्याला हलवायचं तर झोपेत हलवावं लागतं. थंडीत पानं गाळून नुसते सोटे उभे असतात तेव्हा, नवी पालवी डोकावायच्या आत. म्हणून फेब्रुवारीतला रविवार धरला. आठवडाभर आधी पाणी तोडलं, म्हणजे माती आक्रसून डब्याची कड सोडते. खानापूरची पंधरा इंची मातीची कुंडी आणली. जुन्या डब्यापेक्षा दोन-तीन इंचच मोठी, कारण एकदम घंगाळ घेतलं तर मुळं पोचत नाहीत तिथं पाणी साचतं आणि चाफा खालून कुजतो. लाल माती, वाळू, मुरलेलं शेणखत असं कालवून ठेवलं. एवढं मला ठाऊक होतं. तात्यांना मी काही विचारलं नव्हतं. पण तात्या विचारायची वाट बघत नाहीत.

तात्या परिवहनमधून कंडक्टर म्हणून रिटायर्ड. नोकरी सुटली, बस काही सुटली नाही. गल्लीत कुणी स्कूटर मागं घेतली तरी हे मागं उभे राहून भिंतीवर थाप मारतात. पंगतीत बसले तर "मागं जागा हाय, सरका" म्हणून वाढप्यांची लाईन लावतात. सत्यनारायणाचा प्रसाद घेताना सुट्टे हातावर मोजून ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तर मी अंगणात पोतं पसरून गुडघ्यावर बसलेली, आणि गेटात लेंगा-बनियन.

"काय करूलालाय वहिनी?"

"चाफा बदलतेय."

"मेलंय की ओ ते."

"मेला नाही तात्या, झोपलाय. पानं गाळतो तो थंडीत."

तात्यांनी चपला काढल्या (का, ते देवाला माहीत), आत आले, चाफ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि बोटानं टकटक करून निकाल दिला, "सत्तैति." मराठीत सांगून पटत नाही असं दिसलं की तात्या कानडीत सांगतात. कानडीत मेलेला माणूस परत उठत नाही, असा त्यांचा एकूण समज असावा.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. मेला म्हणा, गेला म्हणा. पण यानंतर तात्या वळले ते व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे. "साहेब, काळी माती घालूया की. बैलहोंगलकडची. लाल मातीत दम न्हाई." ह्यांनी आयुष्यात कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे झाडाशी संबंध ठेवलेला नाही. कोपरापर्यंत माती माझ्या हाताला, खुरपं माझ्या हातात, आणि चर्चा साहेबांशी! हे म्हणाले, "हिलाच विचारा." तात्या हसले, जसं काही साहेबांनी छान विनोद केला. मग साहेबांनाच विचारलं, "पण वाळू किती धरलीसा?"

मीच उत्तर दिलं. काळी माती पाणी धरून बसते, चाफ्याला ते चालत नाही, वाळू तिसरा हिस्सा. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि साहेबांना सांगितलं, "वाळू तिसरा हिस्सा बरोबर हाय."

आता डबा. डब्याचं तोंड आत वळलेलं, मुळांचा गड्डा पोटात फुगलेला. आडवा केला, थापटला, कडेनं सुरी फिरवली. तसूभर हलेना. तेवढ्यात कानाशी थाप वाजली. तात्या डब्याच्या मागच्या बाजूला उभे, एक हात पत्र्यावर, नजर लांब कुठंतरी कोल्हापूर रोडवर.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं कट मारा वहिनी... अजून... आता सरळ... येऊ द्या, भरपूर जागा हाय... होल्डान!"

मी थांबले. खरंच थांबले, याचाच राग जास्त आहे. एवढा आवाज आला की पाय आपोआप ब्रेक शोधतात.

"काय झालं?"

"मागं कुंडी हाय."

कुंडी मीच ठेवली होती. त्यातच तर जायचं होतं!

परत सुरू. "रै, रै... हळू... चढ हाय..." गेटाबाहेर दोन पोरं उभी राहिली. दूध घेऊन जाणाऱ्या एक मावशी थांबल्या. होळीला पांगुळ गल्लीत अश्वत्थामाच्या देवळासमोर लोक लोटांगण घालतात. माझं इथं पंधरा दिवस आधीच सुरू होतं, डब्याला मिठी मारून, पोत्यावरून, आणि वर कंडक्टरचा घोष. शेवटी मी करवत आणून डबा उभा चिरायला घेतला. तर तात्या म्हणाले, "थांबा, बॉडी कापू नका," आणि सगळ्यात देखणी, तीन तोंडांची फांदी धरून असा हिसका दिला, की सीटखाली अडकलेली पिशवीच ओढताहेत.

कट्.

फांदी तात्यांच्या हातात. बुंध्याकडून पांढराशुभ्र चीक ठिबकायला लागला, माझ्या मनगटावर, त्यांच्या बनियनवर. हा चीक कातडीला खाजवतो, डोळ्यात गेला तर बोलूच नका.

"बघा," मी म्हटलं, "मेलेल्याला दूध येतं का?"

तात्यांनी बनियन बघितला, फांदी बघितली. "मेल्यावर पण थोडा वेळ येतंय," म्हणाले.

डबा चिरला. आत मुळांची चुंबळ झालेली, डब्याच्या आकाराची, गोल गोल फिरून स्वतःलाच गुंडाळलेली. ती सोडवायला, काळी पडलेली मुळं छाटायला मला पाऊण तास लागला. काम नाजूक आणि हात खाजणारे, तेव्हा मी बोलत नव्हते. ती शांतता तात्यांना सोसली नाही. ते पायरीवर बसले आणि सहज म्हणाले, "आपलं पण असंच की ओ. छप्पन साली मुंबई राज्यातनं उपटलं आणि म्हैसूरच्या कुंडीत घातलं. कोण विचारलं होतं?"

तेच पुढं म्हणाले, "आणि रोप बदलताना दोन दिवस सावलीत ठेवायचं म्हणालासा न्हवं?"

"हो."

"आपली सीमेची केस दोन हजार चारपासून सुप्रीम कोर्टात सावलीत हाय."

मी हसले. हातातलं खुरपं ठेवून हसले. तात्यांचं हेच वाईट, रागाची भट्टी नीट पेटलेली असताना मधेच असं काही बोलतात. पुढं त्यांनी सांगितलं, की ताणाताणी झाली की कोल्हापूरची गाडी निपाणीलाच थांबवायचे, आणि प्रवासी यांच्याशी भांडायचे; जणू सीमा यांनीच तिकिटाच्या पेटीत घालून आणली होती. "दोन्हीकडच्या शिव्या खाल्लोय. मराठीतल्या जरा लांब असतात." २०१४ साली बोर्डावरचं बेळगाव बेळगावी झालं, तेव्हा म्हणे त्यांना एकच काळजी होती, वाढलेल्या वेलांटीचं भाडं कोण देणार. मी सांगितलं, चाफा तरी कुठं इथला, तो मूळ मेक्सिकोकडचा. तात्या तात्काळ म्हणाले, "व्हय? मग त्याला एवढी जागा कशाला?" आणि माझा राग पुन्हा जागेवर आला.

चाफा कुंडीत बसला. पहिल्याएवढाच खोल, काठीला बांधून, पाण्याचा थेंब न घालता, कारण छाटलेली मुळं आधी सुकावी लागतात. तात्यांनी कुंडीवर दोन थापा मारल्या, "रै रै," आणि मोडलेली फांदी काखेत मारून निघाले. जाताना चहा साहेबांकडे मागितला. केला मी.

दुसऱ्या दिवसापासून सांत्वन सुरू झालं. तात्यांनी गल्लीत काय सांगितलं कोण जाणे, पलीकडच्या आजी काठी टेकत आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "गेलं म्हणे? किती वर्षांचं होतं?" मी म्हटलं, सहा. त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी खुलासा करेपर्यंत त्यांनी देवाला चार शब्द सुनावलेही होते. पोरं होळीची लाकडं मागत फिरत होती, ती सरळ कुंडीकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, हे देताय काय? तात्या म्हणाले, घ्या." तात्या म्हणाले! माझ्या अंगणातलं माझं झाड, आणि परवाना समोरच्या घरातून. त्याच तात्यांना त्या रविवारी "जरा कुंडी उचलायला या" म्हटलं तेव्हा पाठीत उसण होती. कुंडी मी आणि ह्यांनी ओढली. साहेबांनी उचलली तेवढी बाजू फरशीला घासलेली अजून दिसते.

शिवाय रोज सकाळी तात्या फिरायला निघाले की रुपयाच्या नाण्यानं खोड खरवडून जातात. आत हिरवं आहे का बघायला. हिरवं असतं. रोज असतं. पण नाडी बघायला रोज कुणी बोट कापतं का? एकवीस ओरखडे मी मोजलेत, तिकीट पंच केल्यासारखे एका ओळीत.

आणि आज सकाळी.

ती मोडकी फांदी तात्यांनी त्याच दिवशी, ठिबकत्या चिकासकट, गोडेतेलाच्या डब्यात खुपसली होती. चाफ्याची फांदी आठवडाभर सुकवून, जखम बंद झाल्यावर लावतात. तशीच ओली खुपसली तर कुजते. वर तात्यांनी तिला रोज तांब्याभर पाणी घातलं, आणि माती बैलहोंगलची काळी. कुजायला याहून जास्त काय करायचं असतं?

तिला पालवी फुटली आहे. तीनही तोंडांना. चकचकीत हिरवी, बोटभर.

मला माहीत आहे, फांदीत साठवलेल्या रसावर अशी पानं येतात. मुळं फुटलेली असतातच असं नाही. हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला नाही. मग मी गेटाजवळ जाऊन माझा चाफा पुन्हा एकदा जवळून बघितला. सोटे. एकवीस ओरखडे. टोकाला काहीतरी फुगल्यासारखं वाटलं, तो कबुतराचा प्रसाद निघाला.

समोरच्या कट्ट्यावर तेलाचा डबा सगळ्यांना दिसेल असा मधोमध ठेवलेला. शेजारी तात्या, इस्त्रीचा शर्ट घालून.

"वहिनी," ते ओरडले, "आमची गाडी लागली की ओ फलाटाला. तुमची अजून डेपोतच काय?"