रडण्याआधी फॉलोअर्स मोजा

ज्यांना अजून नीट शोक करता येत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. मलाही येत नाही, हे नुकतंच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर झालंय. झालं काय, आमचे वॉचमनकाका सकाळच्या ड्युटीला येताना दिवा-मुंब्र्याच्या मध्ये लोकलमधून पडले आणि गेले. बॉडी कोकणात गावी न्यायची, ॲम्ब्युलन्सवाला मागेल तेवढे पैसे घेतो, म्हणून मी ग्रुपवर मेसेज टाकला की जमेल तेवढे द्या. नेमका त्याच दुपारी एक मोठा नट गेला. माझा मेसेज त्याच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंखाली गडप. संध्याकाळी परत टाकला तर सेक्रेटरींचा फोन, "मॅडम, आज तरी नको हो, सगळे दुःखात आहेत, बरं नाही दिसत ते." आणि मेसेज डिलीट!

तर तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून.

एक, गेलेल्या माणसाचे फॉलोअर्स आधी बघून घ्या. लाखाच्या खाली असतील तर एक हात जोडलेला इमोजी भरपूर झाला. आमच्या काकांना तेवढा मिळाला. त्याच्याआधी "गेटवर कोणीच नाही का आज, माझं पार्सल परत गेलं" असा मेसेजही होता, तो मात्र अजून तिथेच आहे.

दोन, नटाला अरेतुरे करा. "असं कसं रे सोडून गेलास." तो तुमचाच होता.

तीन, फोटो. त्याच्यासोबतचा सेल्फी असेल तर सोनं, नसेल तर तो ज्या हॉटेलात एकदा जेवला होता तिथे आपणही कधीतरी जेवलो होतो असं लिहा, थाळीचा फोटो चालेल. दुःख आपलं आहे म्हटल्यावर फोटोत आपण दिसायला हवंच ना. हे शिकायचं आपल्या वॉर्डातल्या भावी नगरसेवकांकडून. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या बॅनरवर गेलेला माणूस पासपोर्ट साइजचा आणि श्रद्धांजली वाहणारे दादा, भाऊ, अण्णा गॉगलसकट फुल साइज. फुटपाथवर बांबू ठोकायचे, दोऱ्या झाडाला बांधायच्या, परवानगीबिरवानगी विचारत बसायचं नाही, दुःखाला कसली आलीय परवानगी. होर्डिंगवरून आठवलं, घाटकोपर. १३ मे २०२४ ला वादळ आलं आणि पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. कोण पेट्रोल भरायला आलेलं, कोण पावसाला आडोसा म्हणून उभं राहिलेलं. होर्डिंग केवढं होतं ते सगळ्यांना पाठ आहे, खाली कोण कोण होतं ते विचारू नका.

चार, लोकल मध्येच उभी राहिली तर काय करायचं. हे नीट वाचा, कारण इथेच नवीन माणूस चुकतो. गाडी थांबली की आधी कोणीतरी म्हणतं "सिग्नल असेल", मग पाच मिनिटांनी पुढच्या डब्यातून बातमी येते, "कोणीतरी कटलं वाटतं". ह्या वेळी चेहरा दुःखी करायचा नाही! च्यक् करायचं आणि घड्याळ बघायचं. "ह्यांना पण सकाळचीच वेळ मिळते" हे वाक्य म्हणायचं, मग ऑफिसला फोन करायचा आणि "मध्ये बॉडी आहे" असं सांगायचं, म्हणजे मस्टरचं टेन्शन नाही. अनाउन्समेंटवाली बाई तर त्याहून गुणी, ती फक्त होणाऱ्या असुविधेबद्दल खेद व्यक्त करते, म्हणजे आपल्या असुविधेबद्दल, त्याच्या नाही. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात. म्हणजे दिवसाला सहा-सात. आज सहा, उद्या सहा, रविवारी जरा कमी. एवढ्यांसाठी रडायचं तर घरी जेवण कोण बनवणार? ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासून जाव्यात तशा गेल्या, दोन्हींच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांवर आपटली, खाली पडली, किमान चार जण गेले. दोन दिवस सगळे चॅनेल मुंब्र्यात. मग सांगितलं की साध्या लोकलनाही ऑटोमॅटिक दरवाजे लावणार. अहो दरवाजे लावा नाहीतर पडदे लावा, माणूस दारात हौस म्हणून लटकत नाही, आत पाय ठेवायला जागा नसते म्हणून लटकतो, दिव्याला सकाळी गाडी पकडून बघा म्हणजे कळेल, तिथे गाडीत चढणं हाच एक जॉब आहे आणि त्यानंतर बारा तासांचा दुसरा जॉब, ज्यात आम्ही त्यांना सांगणार की काका टाकीचं पाणी बघा, काका गाडी पुसा, काका लिफ्ट अडकलीय.

असो. उपरोध चाललाय, रागवायचं नाहीये.

पाच, कोणी विचारलंच की नटाचं एवढं का, तर शास्त्र सांगा. खरंच आहे शास्त्र. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोघा अमेरिकनांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय की टीव्हीवरचा माणूस रोज घरात येतो, आपल्याकडे बघून बोलतो, म्हणून तो ओळखीचा वाटायला लागतो, त्याला बिचाऱ्याला आपण कोण हे माहीतही नसलं तरी. मला हे पटतं. लतादीदी गेल्या तेव्हा आमच्या आईने दोन दिवस रेडिओ लावला नाही, ते ढोंग नव्हतं, अख्खं आयुष्य तिने त्या आवाजावर पोळ्या लाटल्यात. तिच्या रडण्याला मी हसणार नाही. पण मग मला एक सांगा, जो माणूस वर्षानुवर्षं रोज सकाळी खरोखर समोर उभा असायचा, आपलं नाव, आपल्या पोरांची नावं, आपल्याकडे कुठल्या दिवशी कोण येतं हे सगळं ज्याला ठाऊक होतं, तो कसा काय अनोळखी? पोलिसांनी आडनाव विचारलं तेव्हा सोसायटीत कोणालाही सांगता आलं नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये 'वॉचमन गेट'.

मला वाटतं ओळखीचा प्रश्नच नाहीये. नट गेला की फक्त रडायचं असतं, पुढे काही करायचं नसतं. तो हॉस्पिटलात गेला नाहीतर घरी झोपेत गेला, त्यात आपला काही संबंध नाही. पूल पडून, फलाटाच्या फटीत अडकून, उघड्या मॅनहोलमध्ये वाहून माणूस गेला की त्याच्यामागे प्रश्न येतात. परवानगी कोणी दिली, तपासणी कोणी केली, आपण मत कोणाला दिलं. त्यापेक्षा श्रद्धांजली बरी.

फेब्रुवारी २०१८ आठवा. २४ तारखेच्या रात्री श्रीदेवी दुबईत गेली, २८ ला इथे विलेपार्ल्याला अंत्यसंस्कार झाले, मधले सगळे दिवस टीव्हीवर बाथटब. एक रिपोर्टर तर चक्क बाथटबमध्ये झोपून दाखवत होता. त्याच २४ तारखेला बिहारमध्ये मुझफ्फरपूरला गाडीने शाळेतल्या नऊ पोरांना चिरडलं होतं, ते किती जणांपर्यंत पोचलं? आणि बिहार जाऊ दे, त्याच आठवड्यात आपला एल्फिन्स्टन स्टेशनचा नवीन पूल सुरू झाला. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पावसात तिथल्या जुन्या पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली, त्यानंतर बांधलेला तो हा. कितीतरी वर्षं लोक बोंबलत होते की इथे पूल द्या, इथे पूल द्या, आणि माणसं मेल्यावर लष्कर बोलावलं तर काही महिन्यांत उभा! म्हणजे बांधता येत होता. ह्या एका गोष्टीवर शहर पेटायला हवं होतं, पण आपण बाथटबची खोली मोजत होतो. आता स्टेशनचं नाव प्रभादेवी झालंय, नवीन पोरांना तर माहीतही नसेल. आपल्याला तर काय, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो की स्पिरिट म्हणून शाबासकी मिळते. कसलं स्पिरिट, खाडा केला तर पगार कापतात.

आता पुढच्या सूचना राहू दे, डोकं फिरलंय माझं. लोकलमधून पडून गेलेल्याच्या घरच्यांना रेल्वेकडून आठ लाख मिळू शकतात, पण तो तिकीट किंवा पास काढून प्रवास करत होता हे दाखवावं लागतं. काकांचा पास सापडला नाही, पाकीटच कोणीतरी काढून घेतलं होतं, पडलेल्या माणसाच्या खिशातलं पाकीट! पास नाही म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय तसं, पण काहीतरी कागद तर हवा ना काकांच्या बायकोकडे. सोसायटीच्या लेटरहेडवर फक्त एवढंच लिहायचंय की हा माणूस आमच्याकडे कामाला होता आणि रोज दिव्याहून ट्रेनने यायचा. काकू दोनदा येऊन गेल्या. "कमिटीची मीटिंग झाल्याशिवाय देता येत नाही" म्हणे. आणि त्या नटाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा रविवारी टेरेसवर ठरला, त्याला कुठली मीटिंग लागली? पाचशे रुपये वर्गणी, एका दिवसात सगळ्यांची जमा. लाज वाटू द्या जरा. तुमचं मन मोठं आहे, तुम्ही हळवे आहात, सगळं मान्य, डीपी काळा केलात तेही बघितलं. दोन ओळींचं पत्र आहे. सही करा, शिक्का मारा, काकूंच्या हातात द्या आणि मग खुशाल बसा त्या ऑर्केस्ट्राला पहिल्या रांगेत.