वाय-फाय हाय की!

दूधवाल्यानं पिशवी हातात देता देता विचारलं, "नेटचं बिल भरायचं राहिलंय काय वो?" आमच्या बिलाची चौकशी दूधवाल्यापर्यंत कुणी पोचवली, हे विचारायची गरजच नव्हती. बिल भरलेलं आहे. वर्षाचं, आगाऊ. पाहिजे तर पावती गेटवर चिकटवतो.

झालं होतं इतकंच. लॅपटॉप घरच्या वाय-फायला मुकाट्यानं जोडला जात होता, पण वेबसाइट एकही उघडत नव्हती. कोपऱ्यात अक्षरं उमटली होती, 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड'. म्हणजे नेट नाही, पण जे नाही ते सुरक्षित आहे. फोनवर, त्याच वाय-फायवर, सगळं सुरळीत. यातलं थोडंफार कळणाऱ्याचं निम्मं निदान इथंच होतं: लाइन ठीक, राउटर ठीक, बिल (ऐका!) ठीक, दुखणं लॅपटॉपच्या पोटात. उरलेलं काम दहा मिनिटांचं. फक्त ती दहा मिनिटं एकट्याला मिळायला पाहिजेत, आणि आमचं घर पडलं बेळगावातल्या गल्लीत.

शेजारचे अण्णा रोजच्यासारखे आमचा पेपर वाचायला आले. लॅपटॉपवर मान मोडून बसलेला माणूस बघितला की यांचा पेपर मिटतो.

"नेट गेलंय काय?"

"नाही अण्णा. नेट आहे, साइट उघडेनात."

"मग गेलंच की!"

याला उत्तर नाही. अण्णांनी खिशातनं फोन काढला, दोरीला लोंबकळणारा चष्मा नाकावर चढवला आणि कुणाच्या तरी लग्नातला व्हिडिओ मोठ्या आवाजात लावला. "माझ्यात यायलंय बघा."

"तुमच्यात सिमचं नेट आहे अण्णा. आमच्या वाय-फायचा काही संबंध नाही."

"सिम असू दे की वो. वारं एकच न्हवं?"

इथं एक गोष्ट सांगतो, कारण अण्णा गल्लोगल्ली आहेत. 'फोनवर चालतंय' ही परीक्षा फोनचा मोबाइल डेटा बंद करून घ्यायची असते. डेटा चालू राहिला तर वाय-फाय मेल्याचं फोन सांगतच नाही, गुपचूप सिमवर जातो आणि तुम्ही निष्पाप लॅपटॉपला शिव्या घालत बसता. डेटा बंद, वाय-फाय चालू, आणि आधी कधीच न उघडलेली एखादी साइट. उघडली तर राउटरला हात लावायचं कारण नाही.

अण्णा तोवर राउटरला हात लावून मोकळे झाले होते. टीव्हीचा अँटेना गच्चीवर जाऊन फिरवण्याच्या काळातला माणूस. राउटरच्या दोन्ही दांड्या त्यांनी लॅपटॉपवर बंदूक रोखावी तशा रोखल्या. अशा दांडीतनं लहरी बाजूंनी पसरतात, टोकाच्या दिशेनं सगळ्यात कमी जातात. एका मजल्यावरच्या घरात त्या सरळ उभ्या ठेवायच्या. हे मी सांगितलं. "असं हाय काय," म्हणून त्यांनी त्या खानापूरकडं वळवल्या. पाऊस तिकडनं येतो म्हणे.

मग त्यांना ते भोक दिसलं. राउटरच्या पाठीमागं 'रिसेट' लिहिलेलं, टाचणी जाईल एवढं. अण्णांनी शर्टाच्या खिशातनं टूथपिक काढली. हॉटेलात बिल देताना बडीशेपेच्या वाटीशेजारनं उचललेली असणार, टोकाला अजून एक बडीशेप चिकटलेली होती. ती त्यांनी आधी दातानं काढली, खाल्ली, आणि टूथपिक भोकाशी नेली.

"अण्णा!!"

"काय झालं? बंद-चालू करायचं बटण न्हवं काय हे?"

नव्हे. ते भोक दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातनं निघाल्यासारखा होतो. वाय-फायचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि बऱ्याच जोडण्यांत कंपनीनं आत घालून दिलेलं पीपीपीओई नावाच्या पद्धतीचं युजरनेम-पासवर्डही जातं. मग लॅपटॉपच काय, अख्खं घर नेटवाल्या पोऱ्याची वाट बघत बसतं. तो पोऱ्या 'निघालोय साहेब' म्हणतो तेव्हा अजून अंथरुणात असतो. बंद-चालू करायचं म्हणजे सॉकेटचं बटण बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं, चालू करायचं, आणि पॉन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर होईस्तोवर दम धरायचा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर हा खटाटोपही फुकट, कारण फायबरमधनं प्रकाशच येत नाही. कुठंतरी रस्ता उकरलाय, नाहीतर कपाट मागं सरकवताना पिवळी वायर कचकन दुमडलीय.

आमच्याकडं लाल दिवा नव्हता. तरी अण्णांनी कस्टमर केअरला फोन लावला, स्वतःच्या फोनवरनं आणि स्पीकरवर. 'कन्नडक्कागि ओंदु ओत्ति', म्हणजे कन्नडसाठी एक दाबा. मग हिंदी. मग इंग्रजी. मराठीला आकडा नाही. वर्गणी घेताना मात्र पोऱ्या आमच्याशी शुद्ध मराठीत बोलतो, 'काका, आजच भरून टाका' हे वाक्य त्यानं कधी कन्नडमध्ये म्हटलेलं नाही. असो. अण्णांनी एक दाबला, घसा साफ केला.

"नेट बरतिल्ल री!" म्हणजे, नेट येईना हो!

पलीकडच्या मुलीनं माझा ग्राहक क्रमांक विचारला, तो अण्णांनी माझ्या बिलावरनं खणखणीत वाचला. (बिल भरल्याचा शिक्का त्यांनी तेव्हा डोळ्यांनी बघितलाय, हे इथं नोंदवून ठेवतो.) मग ती म्हणाली, रूटर ऑफ माडि, ऑन माडि. कुठल्या यंत्रावर नेट नाही, फोनवर येतं का, दिवे कुठले लागलेत, एक प्रश्न नाही. तिच्यासमोरच्या कागदावर पहिली ओळ तीच असणार आणि ती ओलांडायची तिला परवानगी नसणार. तिचा राग नाही. ज्यानं तो कागद लिहिला त्याचा आहे.

राउटर बंद झाला. आतल्या खोलीतनं ओरड झाली, कुणाची तरी मीटिंग मेली. अण्णा त्यांची समजूत घालायला आत गेले आणि मला माझी दहा मिनिटं मिळाली.

राउटर परत आल्यावर विंडोजच्या शोधात सीएमडी लिहून काळी खिडकी उघडली. पहिलं, आयपीकॉन्फिग, म्हणजे लॅपटॉपला नेटवर्कवर कुठला पत्ता मिळालाय ते बघायचं. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही, वाय-फाय विसरून पुन्हा जोडायचं. इथं १९२.१६८.१ नं सुरू होत होता, म्हणजे घरचाच. दुसरं, पिंग ८.८.८.८, म्हणजे त्या आकड्याच्या यंत्राला 'आहेस काय' म्हणून हाक मारायची. गूगलचा हा सार्वजनिक डीएनएस (साइटच्या नावावरनं तिचा आकडा सांगणारा सर्व्हर) २००९ पासून चालू आहे आणि त्याचा आकडा झोपेतही आठवतो. चारही उत्तरं आली. म्हणजे नेट आहे! तिसरं, पिंग गूगल डॉट कॉम. 'कुड नॉट फाइंड होस्ट.' सापडला चोर. आकड्यानं जाता येतं, नावानं जाता येत नाही. नावाचा आकडा करून देणारा डीएनएस हरवलाय.

आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरपी रेघ, ऑल, असं लिहिलं की डीएनएस सर्व्हर्सची ओळ दिसते. तिथं १९२.१६८.०.१ होतं. आमचा राउटर १९२.१६८.१.१. मधल्या एका शून्याचा फरक, आणि त्या शून्यात सगळी हकिगत होती. लॅपटॉप नुकताच दुकानातनं 'सर्व्हिसिंग' होऊन आला होता. तिथल्या पोरानं आपल्या दुकानातल्या राउटरचा पत्ता आमच्या लॅपटॉपमध्ये हातानं घालून ठेवला होता. असले पत्ते ज्याच्या-त्याच्या घरापुरते असतात, बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. चौकातल्या पानपट्टीवाल्याला पत्ता विचारायचा सोडून आमचा लॅपटॉप दुसऱ्याच गल्लीतल्या पानपट्टीला घरात बसून हाका मारत होता. सर्व्हिसिंगमध्ये धूळ काढलेली नव्हतीच. ती तशीच आहे.

उपाय असा. विंडोजची कळ आणि आर, तिथं एनसीपीए डॉट सीपीएल. वाय-फायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, पुन्हा प्रॉपर्टीज. खालच्या भागात 'ऑब्टेन डीएनएस सर्व्हर अॅड्रेस ऑटोमॅटिकली'. ओके, ओके. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिगपुढं तिरपी रेघ, फ्लशडीएनएस, म्हणजे लॅपटॉपनं लक्षात ठेवलेले जुने आकडे पुसले जातात. राउटरचाच डीएनएस झोपला असेल तर हातानं ८.८.८.८ आणि दुसऱ्या रकान्यात १.१.१.१ घालायचे. हा दुसरा, क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएस, २०१८ च्या १ एप्रिलला सुरू झाला, तरी खराच निघाला.

पिंग नावानंही चालतं आणि ब्राउझरच अडतो, तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि नेटच्या मधला दलाल सर्व्हर, चालू आहे का बघायची. एखादं फुकटचं व्हीपीएन काढून टाकलं तरी प्रॉक्सी मागं चालू ठेवून जातं. साइट 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणून ओरडत असेल तर घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल, बहुतेक सीआर२०३२, संपला की तारीख काही वर्षं मागं जाते आणि त्या तारखेला साइटच्या ओळखीची आजची प्रमाणपत्रं जन्मलेलीच नसतात. एक ब्राउझर चालतो आणि दुसरा नाही, असंही होतं, कारण काही ब्राउझर आपला सुरक्षित डीएनएस आपणच घेऊन हिंडतात. त्यात माणूस सगळ्यात जास्त चकतो.

साइट उघडली तेव्हा अण्णा आतनं चहा घेऊन बाहेर येत होते.

"आलं न्हवं? त्यांच्याशी कन्नडात बोललं की लगेच काम करतात बघा."

आता मी दुकानदाराचा शून्य कुणाला समजावू? तक्रार त्यांच्याच नंबरवर नोंदली गेली होती, त्यामुळं कंपनीचा मेसेजही त्यांच्याच फोनवर आला: आपली तक्रार आमच्या टीमनं सोडवली आहे, कृपया तारे द्या. अण्णांनी चष्मा चढवला आणि पाच दिले.