एबीसी आयडी म्हणजे प्रवेश नव्हे

खानापूर-निपाणीच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'एबीसी आयडी काढा, इथलं कॉलेज सोडा आणि थेट पुणे विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला बसा.' हे चुकीचं आहे. एबीसी म्हणजे 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स', विद्यार्थ्याचं ऑनलाइन खातं. यूजीसीचे २०२१ चे नियम मी वाचलेत. त्या खात्यात क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, जमा होतात, प्रवेशाची हमी मिळत नाही. पुण्यात जागा रिकामी हवी, अभ्यासक्रम जुळायला हवा, पात्रता मान्य व्हायला हवी. शिवाय आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) लागतं ते वेगळंच.

काल आमच्या गल्लीतली एक पोरगी टीसीचा अर्ज लिहूनच आली होती, वडिलांची सही तेवढी बाकी. पोरांनो, समोरून लेखी होकार येईपर्यंत टीसी काढू नका, हातचं वर्ष जाईल. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.