ड्रम्स वेगळ्या चॅनलवर काढणं हा वेळेचा अपव्यय नाही

‘व्हर्च्युअल ड्रम्स मिक्स होऊनच येतात. त्यांना वेगळ्या चॅनलवर काढलं की कॉम्प्युटर दमतो आणि आवाज उलट पातळ होतो.’ रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेल्या प्लगइनमधून वाजणाऱ्या अशा ड्रम्सबद्दल नव्याने रेकॉर्डिंग शिकणाऱ्यांना हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो मनापासून खटकतो, कारण तो मानून कित्येक जण ड्रम्सच्या मिक्सला हात लावायचंच सोडून देतात.

मिक्स तयार असतो हे खरं, पण तो करणाऱ्याने तुमचा बेस आणि तुमचा गायक ऐकलेला नसतो. सगळे ड्रम्स एकाच स्टिरिओ ट्रॅकवर असताना स्नेअरला (खणखणीत ठोक्याच्या ड्रमला) रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्यायला जावं तर किकही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) त्यात बुडते. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा इफेक्ट) जोरात लावला की किकच्या प्रत्येक ठोक्याला झांजा दबतात. किक वाजताच बेस क्षणभर खाली जावा, म्हणजे साइडचेन हवी असेल, तर कॉम्प्रेसरला एकट्या किकचा सिग्नल लागतो. प्लगइनच्या आतला मिक्सर डेमोपुरता चालतो, एवढं मात्र मान्य.

आवाज पातळ होतो, हे निरीक्षण अनेकदा बरोबर असतं. त्यामागचं कारण चुकीचं सांगितलं जातं. बऱ्याच प्लगइनमध्ये शेवटच्या मास्टर बसवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनलवर, कॉम्प्रेसर किंवा सॅच्युरेशन (आवाज भरीव करणारी हलकी विकृती) असतं. प्रत्येक आवाज वेगळ्या आउटपुटला पाठवला की तो मास्टरला वळसा घालून जातो आणि ते इफेक्ट गळून पडतात. सगळे ड्रम चॅनल एका बसवर एकत्र करून तिथे आपला कॉम्प्रेसर लावा, भरीवपणा परत येतो. दुसरं कारण म्हणजे ओव्हरहेड (ड्रमसेटच्या वरचे) आणि रूम (खोलीतले) माइक वेगळ्या चॅनलवर काढायचे राहून जाणं. सॅम्पल केलेल्या, म्हणजे ठोके रेकॉर्ड करून घेतलेल्या, खऱ्या ड्रमसेटमध्ये स्नेअरचा बराचसा आवाज ओव्हरहेडमध्येच असतो. म्हणून स्नेअरचा चॅनल म्यूट केला तरी स्नेअर ऐकू येतो. तो बिघाड नव्हे.

कॉम्प्युटर दमण्याची भीती बहुधा प्रत्येक वाद्यासाठी प्लगइनची नवी प्रत उघडण्यातून आली असावी. तसं करूच नये: मेमरी वाया जाते, शिवाय उघडी हाय-हॅट एका प्रतीत आणि बंद दुसऱ्या प्रतीत गेली, तर बंद हॅटने उघडीचा नाद तोडायचा असतो तो तुटत नाही. एकाच प्रतीतून अनेक आउटपुट निघतात. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तर एका ट्रॅकवर 64 चॅनल मिळायचे, सातव्या आवृत्तीपासून 128 मिळतात. सॅम्पल तेवढेच वाजतात. भार वाढतो तो तुम्ही वर लावलेल्या इफेक्टचा.

‘मिडी नोटा वेगळ्या ट्रॅकवर टाकल्या की झालं’ हेही चूक. मिडीत आवाज नसतो, कोणती नोट कधी वाजवायची याच्या सूचना असतात. 36 नंबरची किक आणि 38 नंबरचा स्नेअर दोन मिडी ट्रॅकवर ठेवले, पण दोन्ही एकाच प्लगइनला जात असतील, तर ऑडिओ त्याच एका स्टिरिओ आउटपुटमधून बाहेर पडतो.

वाट दोन्ही टोकांना जोडावी लागते. प्लगइनच्या मिक्सरमध्ये स्नेअरला, समजा, आउटपुट 2 द्यायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये तेच आउटपुट घेणारा चॅनल चालू करायचा. आवाज गायब झाला तर बहुतेक वेळा यातलं एक टोक सुटलेलं असतं.