"केस जरा विंचर की तिचे!"

माझ्या बाहुलीचा फोटो टाकला की ही कमेंट ठरलेली. आजही आली, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

विंचरले होते, बाई. एकदा विंचरले होते. तीन संध्याकाळी तारेवर गुंडाळून केलेल्या घट्ट बटांचा पहिला टोप, म्हणजे विग. डोक्यावर बसवला आणि हौसेने ब्रश फिरवला. दोन मिनिटांत सगळ्या बटा गेल्या आणि हातात पिंजलेल्या कापसाचा गोळा उरला. खऱ्या कुरळ्या केसांचं असंच होतं, कोरडे विंचरले की वेटोळी मोडतात. माझ्या डोक्यावर जन्मापासून तेच आहेत, तरी ते कळायला मला बाहुली लागली.

मी बार्बीसारख्या फॅशन डॉल्ससाठी कुरळ्या, चुरगळ्या, लोकरीसारख्या दाट केसांचे टोप हाताने करते. का, तर बाजारात आयत्या मिळणाऱ्या बाहुल्यांच्या केसांवर माझा जुना राग आहे. १९६७ साली बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने फ्रॅन्सी ही बाहुली कृष्णवर्णीय रूपात आणली, तेव्हा साचा गोऱ्या फ्रॅन्सीचाच होता, रंग तेवढा बदलला. पुढच्या वर्षी क्रिस्टी, बार्बीची कृष्णवर्णीय मैत्रीण, आली. पण खुद्द 'बार्बी' या नावाची कृष्णवर्णीय बाहुली यायला १९८० उजाडलं. किटी ब्लॅक पर्किन्स या डिझायनरने ती केली आणि तिला आखूड अ‍ॅफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोल फुललेले कुरळे केस, दिला. मला त्या आखूड केसांचंच जास्त कौतुक वाटतं. बाहुली म्हणजे लांब सरळ केस आणि सोबत इवलासा ब्रश, हे समीकरण इतकं पक्कं होतं की १९९२ मध्ये टाचांपर्यंत केस असलेली बार्बी निघाली आणि तिचा खप एक कोटीच्या वर गेला. विंचरणं हाच खेळ म्हटल्यावर जे केस विंचरता येत नाहीत, ते करणार कोण?

आता कामाचं. मुख्य अडचण मापाची आहे. बार्बी साधारण २९ सेंटीमीटर उंच, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश. माणसाच्या डोक्यावरची पेन्सिलीएवढी जाड, सात मिलिमीटरची बट तिच्या मापात जेमतेम सव्वा मिलिमीटरची होते. नवखी माणसं सरबताच्या नळीवर लोकर गुंडाळतात आणि बाहुलीच्या डोक्यावर फरसबीच्या शेंगा लटकल्यासारख्या दिसतात. मीही तेच केलं होतं. नळी, मग विणकामाची सुई, मग बारीक सुई, आणि शेवटी एक मिलिमीटरची तार. तारेवर आल्यावर पहिल्यांदा ते केस वाटले.

लोकर म्हणजे विणकामाचा धागा, आणि तो अ‍ॅक्रिलिकचाच घ्या. गरम पाण्यात तो मऊ पडतो आणि थंड होताना ज्या आकारात असेल तोच धरून बसतो. सुती दोरा कितीही उकळा, पाणी लागलं की पुन्हा ढिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे उलटं आहे, तापवल्याशिवाय पीळ येतच नाही. तारेवर घट्ट, एकाला एक लागून वेढे द्यायचे, टोकं बांधायची, उकळत्या पाण्यात काही मिनिटं, मग गार पाणी. आणि मग रात्रभर हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी निम्मा माल घाईने ओला काढून वाया घालवला आहे. इस्त्रीपासून मात्र लांब राहा. थेट टेकली की धागा चकाकतो, मरतो, आणि पुन्हा कधी उभा राहत नाही.

अ‍ॅफ्रो हवा असेल तर तार नकोच. लोकरीचे पेड सुटे करा. पिळून पिळून त्या तंतूंना स्वतःचीच बारीक नागमोड आलेली असते, आणि ती या मापाला जवळजवळ बरोबर बसते. हलक्या हाताने पिंजायचं. "पिंजारलेले केस" हे आपण ओरडताना वापरतो, इथे तेच कौशल्य.

टोपाचा पाया सोपा आहे. बाहुलीच्या डोक्यावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक), मानेशी रबरबँड, वर पायमोज्याचं तलम कापड ताणून कापडी गोंदाचे दोन-तीन हात. वाळलं की पेन्सिलीने केसांची रेघ आखून कापायचं. फिल्म टाळू नका, गडद लोकरीचा रंग चेहऱ्याला लागला की निघता निघत नाही. बटा मानेपासून वर चिकटवत जायचं आणि वाटतं त्यापेक्षा कमी लावायच्या. कुरळे केस जागा भरून काढतात. जास्त लावले की हेल्मेट. निव्वळ काळा रंगही नको, प्लास्टिक दिसतो. काळ्यात गडद तपकिरी मिसळला की जीव येतो.

एक गोष्ट मात्र खटकते. जुन्या बाहुल्या "दुरुस्त" करण्याच्या व्हिडिओंमध्ये कुरळे केस दिसले की पहिलं काम म्हणजे गरम पाणी ओतून ते सरळ करणं. मळ काढा, गुंता सोडवा, जरूर. पण कुरळेपणा हा बिघाड कधीपासून झाला? लहानपणी माझ्याही केसांची अशी बरीच "दुरुस्ती" झाली आहे, त्यामुळे मी या बाबतीत तटस्थ नाही. नसू दे.

सध्या लॉक्स, म्हणजे जटांसारख्या बटा, करायला घेतलेत. लोकरीचे तंतू काटेरी सुईने टोचून टोचून दोरीसारखे घट्ट करायचे. एका डोक्याला साठेक लागतील असा अंदाज. नऊ झालेत. दोन बोटांना पट्टी आहे. आणि हो, तेही विंचरायचे नसतात.