दीडपट वेगानं मेलेला शिपाई

आज सकाळी आमच्या दारात एक शिपाई मेला. दीडपट वेगानं मेला.

रविवार म्हणून भाचा गाडी धूत होता. मोबाईल कट्ट्यावर टेकवलेला, आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत. चालू होतं ऑडिओबुक, कुठल्याशा लढाईचं. खंदक, चिखल, पोटात गोळी बसलेलं एक पोरगं पाणी मागतंय. मागं नगारा, नगाऱ्यावर व्हायोलिन, आणि वाचणारा असा गरजतोय की खासबाग मैदानात कुस्ती पुकारतोय. त्यात वेग दीडपट. त्यामुळं ते पोरगं पाणी मागतंय की एसटी स्टँडवर पाण्याच्या बाटल्या विकतंय, कळायला मार्ग नाही. आमचं बेणं डिझेलच्या फडक्यानं चेन घासतंय. पोरगं मेलं, व्हायोलिन वर चढलं, आणि हा मला म्हणतो, "मामा, शांपूची पुडी हाय काय?"

"आरं, माणूस मेला की तितं."

"कोन? आं, ते व्हय. अजून अकरा प्रकरणं हाईत. आज संपवायचंच."

संपवायचंच! ताटातला भात आहे काय तो?

तेव्हापासून डोकं तापलंय. दुपारी झोप लागली नाही म्हणून हे लिहीत बसलोय. लांबणार आहे. ज्यांना दीडपट वेगानं वाचायचंय त्यांनी खुशाल वाचा.

माझ्या आज्जीला वाचता येत नव्हतं. आज्जा मराठा पलटणीत, जर्मनच्या लढाईला गेलेला, इटलीत. गावातली निम्मी घरं तशीच. सैनिक टाकळीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथं हे वेगळं सांगायला नको. आज्जालाही लिहिता येत नव्हतं. तो तिकडं कंपनीतल्या कुणा शिकलेल्याला सांगायचा, तो लिहायचा. इकडं शाळेतले मास्तर वाचायचे. म्हणजे बोलणारा अडाणी, ऐकणारी अडाणी, आणि मधी दोन परके पुरुष. पत्र बापाच्या नावानं यायचं, 'तीर्थरूप वडिलांचे सेवेशी'. सोप्यात गडीमाणसं बसायची, आज्जी चौकटीच्या आत, हातात भाकरीचं पीठ लागलेलं तसंच. पत्रात तिचं नाव कधीच नसायचं. 'घरची सर्व मंडळी' यात तिनं स्वतःला ओळखून घ्यायचं.

मास्तर कसे वाचायचे? आज्जीचे शब्द: "सातबारा वाचल्यागत." पाऊस, पगाराची मनीऑर्डर, म्हशीची चौकशी, गोळीबार, सगळं एका पट्टीत. आमच्या घरात युद्ध असं आलं. नगारा नव्हता.

आता तुमच्यातला कुणीतरी खाली संजयाचं नाव काढणार, म्हणून मीच काढतो. संजय म्हणजे लाइव्ह कॉमेंट्री असं आपण टीव्ही बघून धरून चाललोय. भीष्मपर्व उघडून बघा. दहाव्या दिवशी तो रणावरून येतो आणि आंधळ्या राजाला आधी एकच बातमी सांगतो, भीष्म पडले. मग मागं जाऊन पहिल्या दिवसापासून सगळं. शेवट आधीच फोडलाय, तरी राजा ऐकतोय, मधीमधी थांबवून विचारतोय, रडतोय. 'सस्पेन्स' टिकवायला संजयाला पार्श्वसंगीत लागलं नाही.

इलियड या जुन्या ग्रीक युद्धकाव्याचंही तेच. छापलेलं हातात घेतलं तर दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी बघूनच माणूस मिटवून ठेवतो. मीही दोनदा ठेवलं. कानानं ऐकलं तेव्हा कळलं, ते डोळ्यांसाठी केलेलंच नाही. कुणी पडला की बऱ्याचदा तो कवी थांबतो, त्याच्या बापाचं नाव सांगतो, गाव सांगतो, घरी बायको आहे का सांगतो, मग पुढं जातो. आपल्याकडं तेराव्याला आलेली माणसं बोलतात तसं. ते जर कुणी दीडपट वेगानं लावलं तर ती मतदार यादी होते.

आता कबुली. छापलेलं युद्धाचं पुस्तक हल्ली मीही धड वाचत नाही, डोळ्यांचं कारण सांगतो. ट्रॅक्टरवर बसणाऱ्या, रात्रीचा ट्रक हाकणाऱ्या पोरांपर्यंत इतिहास पोचतोय तो कानातनंच, हेही खरं. झालं समाधान?

पण हा सगळा प्रकार सुरू कुठून झाला ते तरी बघा. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तकं निघाली. कुणासाठी आधी? पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. त्यामागं जी माणसं होती त्यातला एक, इयन फ्रेझर, स्वतः १९१६ साली सॉमच्या लढाईत आंधळा झालेला. त्या काळच्या गाण्याच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे फिरायच्या. एवढ्या वेगात पुस्तक मावेना, म्हणून यांनी २४ फेऱ्यांवर आणली. म्हणजे या धंद्याचा पायाच वेग कमी करून घातलाय, आणि तोही लढाईत डोळे घालवलेल्यांनी. आणि आपण काय केलं? तीन-तीन पटीचं बटण दिलं. वर आणखी एक सोय असते, 'शांतता काढून टाका' म्हणून. वाक्यावाक्यातली मोकळी जागा ॲप आपणहून कापतं. किती वेळ वाचला तेही दाखवतं!

शांतता काढून टाका. मास्तरांना हे बटण दाखवलं असतं तर छडीच काढली असती.

कारण आज्जीनं आम्हाला आयुष्यभर जे सांगितलं ते मास्तरांच्या वाचण्याबद्दल नव्हतं. मास्तर एकदा थांबले, त्याबद्दल होतं. पत्र वाचता वाचता मधीच थांबले. तांब्या मागितला. पाणी प्यायले. उपरण्यानं तोंड पुसलं. मग "इकडे पाऊस फार आहे" म्हणून पुढं सुरू, त्याच पट्टीत. सोप्यातल्या एकाही गड्याला काही कळलं नाही. चौकटीआडच्या आज्जीला कळलं. काय ते पुढं सांगतो.

इतिहासाच्या पुस्तकांचं तर आता यंत्रच वाचतंय. परवा एक लावलं, 'जखमे'तला ज 'जिवा'तल्या ज सारखा. लाखभर माणसं कापली गेली ते आणि पानाचा क्रमांक, दोन्ही एकाच उत्साहात. तुम्ही म्हणाल, मास्तरही एका पट्टीतच वाचत होते, मग यंत्रात वाईट काय? बरोबर पकडलंत. पण मास्तरांची पट्टी त्यांनी धरून ठेवलेली होती. यंत्राला धरायला काही नाही.

कवितेवर तर आणखी राग आहे. विल्फ्रेड ओवेन, इंग्रज, खंदकातला कवी. ४ नोव्हेंबर १९१८ ला पडला. बरोबर आठवड्यानं युद्ध संपलं, गावात चर्चच्या घंटा वाजत होत्या, आणि त्याच दिवशी आईच्या हातात तार पडली. आपल्याकडं तारवाला गल्लीत शिरला की बायका आधी रडायच्या आणि तार नंतर वाचून घ्यायच्या, त्यामुळं हे मला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या कविता ऐकायला लावल्या तर मागं पियानो आणि पावसाचा आवाज. अरे, मूळ कवितेत विषारी वायूनं गुदमरणारा माणूस आहे, त्याला पियानो कशाला? त्याला हवा द्या!

(पोवाड्यात डफ-तुणतुणं असतंच की, हे मला सकाळीच भाच्यानं ऐकवलं. असतं. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात मला हे शिकवू नये. पण शाहीर समोर उभा असतो, त्याचा श्वास लागतो, तो थांबतो, जीजी म्हणणारे सांभाळून घेतात. आणि तोच पोवाडा जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत कुणीतरी पाठीवरच्या स्पीकरवर लावून चाललेलं असतं तेव्हा मला खिंडीत उतरावंसं वाटत नाही. १६६० च्या जुलैत तिथं जी माणसं उभी राहिली त्यांनी काय ऐकलं असेल? पाऊस. आणि गडावरच्या तोफेची वाट बघत कान लावलेले.)

चांगलं कसं असतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता खेकसतोय. स्वेतलाना अलेक्सिएविच. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत बायकांकडं टेपरेकॉर्डर घेऊन गेली, शेकडो जणींकडं, आणि बोलू दिलं. १९८५ साली पुस्तक आलं, पुढं २०१५ ला नोबेल. ते मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर चार संध्याकाळी ऐकलं, साध्या वेगानं. मुळात बोललेलंच परत बोललं जातंय, त्यामुळं वाचणारीला काही 'करावं' लागत नाही. एकदा तर भेळ हातात तशीच मऊ पडली.

तसं पुस्तक आपल्या दारातही आहे. कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं इथं राहिली, बहुतेक बायका आणि पोरं. सोव्हिएतांनी घरादारातनं उचलून सायबेरियाकडं टाकलेली, तिथनं सुटून इराणमार्गे पंचगंगेकाठी आलेली. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे, त्याला टेकून आपण चप्पल झटकतो. ते कुणी साध्या मराठीत वाचून ठेवलं तर पैसे मोजून ऐकीन.

आणि सगळ्यात वर माझ्यासाठी एक आवाज आहे. बर्लिनजवळ वुन्सडॉर्फला पहिल्या महायुद्धात कैद्यांची छावणी होती. जर्मन विद्वानांनी तिथल्या हिंदी सैनिकांना भोंग्यापुढं उभं करून त्यांच्या भाषा तबकड्यांवर भरून घेतल्या. ११ डिसेंबर १९१६ ला मालसिंग नावाचा पंजाबी शिपाई उभा राहिला. काय बोलला? एक माणूस होता. हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा. इंग्रजाच्या नोकरीत गेला, युद्धात आला, जर्मननं पकडला. त्याला घरी जायचंय. घरी गेला तर तेच खाणं परत मिळेल. एवढंच. 'मी' हा शब्द नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं राहून धारोष्ण पिणाऱ्यांनी तरी हे एकदा ऐकावं.

माणसं युद्धाबद्दल अशीच आडून बोलतात. पानिपताची बातमी पेशव्यांच्या हाती आली तीही मोत्यांचा हिशोब होऊन: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधनं आपले शिपाई लिहायचे, काळी मिरी संपली, आता तांबडी मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे आपण, तांबडी म्हणजे गोरे. पत्रं तपासणाऱ्या साहेबांनाही ते कळलंच, म्हणून तर आपल्याला माहीत आहे.

आता आज्जीचं. ते पत्र आमच्या ट्रंकेत आहे. घडीवर फाटलंय, पण वाचता येतं. मास्तर थांबले तिथं लिहिलंय, 'शेजारचा पांढरा बैल बसला. त्यांस इतक्यात कळवू नये.' चार शब्द, मग आणखी चार. शेजारच्यांकडं बैल नव्हता, कधीच नव्हता, दोन शेळ्या होत्या. एक मुलगा होता, आज्जाबरोबर भरती झालेला. आणि त्याची आई त्या वेळी सोप्यात खांबाला टेकून बसलेली, आपल्या लेकाचं काही आहे का ऐकायला. मास्तरांनी ते वाचलंच नाही. पाणी प्यायले. सरकारी कागद यायला पुढं तीन आठवडे गेले, आणि ते तीन आठवडे आज्जी त्या म्हातारीकडं रोज ताक घेऊन जात होती.

दुपारी ट्रंक काढली. भाच्याला हाक मारली, म्हटलं मोबाईल धर, बटण दाब, वाचतो. सगळं पत्र वाचलं, 'कळावे' पर्यंत. त्या ओळीशी माझाही आवाज गेला, मधीच खाली कुकरची शिट्टी झाली, ती पण आली त्यात. झाल्यावर बेणं म्हणालं, "मामा, पर त्यांच्यात बैल कुटं हुता? आई तर म्हनायची शेळ्या हुत्या." मी काही बोललो नाही. पत्राची घडी घालत बसलो. जरा वेळानं तो उठला, मोबाईल खिशात घातला आणि न विचारता ट्रंक माळ्यावर नेऊन ठेवली.

रेकॉर्डिंग इथं टाकणार नाही. ज्याला ऐकायचंय त्यानं घरी यावं, चहा पिऊन जावं.

आत्ता हे लिहितोय तर वरच्या खोलीत परत तोच नगारा सुरू झालाय. वेग किती ठेवलाय ते जिन्यातनं कळत नाही.